पडदा गळतो, सबब परत

शाळेच्या भांडारात आलेली प्रत्येक वस्तू पाणी भरून तपासावी आणि गळत असल्यास परत पाठवावी, असा नियम होता. नियम मुळात बादल्यांसाठी झाला होता. पण त्यात 'बादली' हा शब्द घालायचा राहून गेला, त्यामुळे पुढे तो पाण्याच्या टाकीला, शाईच्या बाटल्यांना आणि एकदा फुटबॉललाही लागू झाला. आजवर त्यावर कुणी आक्षेप घेतला नव्हता. ती पाळी विज्ञानाच्या नव्या बाईंवर आली.

नव्या बाईंना शाळेत येऊन बराच काळ लोटला होता, तरी त्या नव्याच होत्या, कारण अजून कायम झाल्या नव्हत्या. त्यांना कायम करायचे की घरी पाठवायचे, हे तपासणी अधिकारी त्यांचा एक तास बघून ठरवणार होते. त्या तासासाठी वाट्याला आला होता विसरणाचा पाठ. पेल्यात आयोडीनचे पिवळे पाणी घ्यायचे. निवडक्षम पारपटलाची, म्हणजे काही कणांना वाट देणाऱ्या आणि काहींना अडवणाऱ्या पातळ पडद्याची पिशवी घ्यायची, तिच्यात पिठाची खळ भरायची, तोंड बांधून ती पेल्यात सोडायची. आयोडीनचे कण लहान. ते आत शिरतात आणि खळ निळी होते. खळीचे कण मोठे. ते आतच अडकतात, म्हणून बाहेरचे पाणी पिवळेच राहते. सगळ्या प्रयोगाचा जीव त्या पिवळे राहण्यात असतो.

बाईंनी पडदा मागवला. तो आला आणि भांडारातूनच माघारी गेला.

"गळतो," भांडारपाल म्हणाले. "रात्रभर पाणी भरून टांगला होता. सकाळी खाली ओल."

"काका, त्याचं कामच ते आहे."

"बादलीला विचारलंत तर तीही हेच सांगेल. बरं, तुम्हाला नेमका कसला हवाय? गळका की न गळका?"

"काही कणांसाठी गळका, काही कणांसाठी न गळका."

भांडारपालांनी चष्मा कपाळावर सरकवला. "म्हणजे समोर कोण आलंय ते बघून आत सोडायचं."

"कोण नाही हो, केवढा आहे ते बघून."

"तेच ते. बाई, त्याला वशिला म्हणतात. माणसांत चालतो, मालात नाही चालत."

तरी भांडारपाल मनाने वाईट नव्हते. बाईंची अडचण ओळखून त्यांनी दोन पिशव्या दिल्या. एक जाडजूड प्लॅस्टिकची, हमीपत्रासकट. दुसरी तशीच, पण तिला त्यांनी स्वतः दाभणाने भोके पाडली, पाणी भरून पाहिले आणि वर चिठ्ठी लावली: 'गळते. खात्री केली.'

बाईंनी रंगीत तालीम घेतली. जाड पिशवीत काहीच झाले नाही. तास संपला, मधली सुट्टी संपली. आत खळ पांढरी, बाहेर पाणी पिवळे, बोलणी फिसकटल्यावरही उठून जाता येत नसलेल्या वरपक्ष-वधूपक्षासारखी दोन्ही बसून राहिली. भोकांच्या पिशवीत मात्र क्षणात सगळे घडले. खळ बाहेर आली, आयोडीन आत गेले, आणि आतबाहेर एकच निळा-काळा चिखल झाला.

बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या. "सर, माझ्या पैशाने खरा पडदा आणते."

"खाजगी पडदा? उद्या कुणी खाजगी फळा आणेल. आणि निळं होतंय ना? पुस्तकात निळंच आहे."

"सर, बाहेरचंही निळं होतंय."

"मग चांगलंच की. दुप्पट झालं."

घरी वडिलांनी सगळे ऐकून घेतले. "आधी कायम हो," ते म्हणाले, "मग हवे तेवढे खरे प्रयोग कर. कोण अडवतंय?"

"आणि खळ घरून नेऊ नकोस," आई आतून म्हणाली. "मागचं पातेलं अजून आलेलं नाही."

तपासणीच्या दिवशी साहेब चहाचा कप घेऊन शेवटच्या बाकावर बसले. मुख्याध्यापक दारात उभे राहिले. बाईंनी भोकांची पिशवी पेल्यात सोडली. निळा रंग सगळीकडे पसरला.

"छान," साहेब म्हणाले. "निष्कर्ष?"

वर्ग एका सुरात म्हणाला, "पिशवीतील खळ निळी झाली, बाहेरचे पाणी पिवळेच राहिले, यावरून पटल निवडक्षम आहे हे सिद्ध होते." निष्कर्ष मुलांनी आदल्या दिवशीच पाठ केला होता. प्रयोगात वेळ जाऊ नये म्हणून तशी पद्धतच होती.

पहिल्या बाकावरच्या चष्मेवाल्या मुलीने हात वर केला. "बाई, पण पाणी निळं झालंय."

साहेबांचा कप ओठांपाशी थांबला. "मॅडम, सांगा तिला," ते सौम्यपणे म्हणाले.

बाईंनी पेल्याकडे पाहिले, मग दाराकडे. उत्तर एका वाक्याचे होते: पिशवीला भोके आहेत.

"तुझ्या चष्म्याचा नंबर वाढलेला दिसतोय," बाई म्हणाल्या.

वर्ग हसला. साहेबही हसले. मुलीने चष्मा काढला, बाहीने पुसला, परत घातला आणि पेल्याकडे बराच वेळ पाहिले. मग खाली मान घालून वहीत लिहिले: पिवळे.

साहेबांनी शेरा दिला: 'विद्यार्थ्यांचे निरीक्षण उत्कृष्ट. पाठ्यपुस्तकाशी तंतोतंत जुळते.' बाई कायम झाल्या. मुलीला तिच्या आईवडिलांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर म्हणाले, नंबर वाढलेला नाही. बाईंवर अविश्वास दाखवण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून आईवडिलांनी डॉक्टर बदलला.

वडिलांचे शब्द आठवून बाई पुन्हा भांडारात गेल्या. "काका, आता खरा पडदा मागवू या."

"आता कशाला?" भांडारपालांनी कपाटाकडे बोट केले. भोकांची पिशवी धुऊन, घडी घालून कुलपात ठेवलेली होती. "ती साहेबांनी पास केलीय. ती खोटी ठरवलीत तर तुमचं कायम होणंही तपासावं लागेल."

बाईंनी कपाटाचे कुलूप ओढून पाहिले. मग म्हणाल्या, "पुढच्या वर्षी लागेल. नीट ठेवा."

बाईंनी त्या दिवशी खरे सांगायला हवे होते, असे वाचता वाचता तुमचे मत झालेच असेल. चांगले मत आहे. फक्त ते चारचौघांत मांडण्याआधी शाळेतली तुमची विज्ञानाची वही आठवून पाहा. पाणी पिवळेच राहिले, असे तिच्यात तुम्हीही सुवाच्य अक्षरात लिहिले होते. तो पेला तुमच्या वर्गात आला तरी होता का?