इंदूकाकू आधी पाहून घेतात

औषधाची पहिली गोळी ज्याला दुखणं आहे त्यानं खायची, असा साऱ्या जगाचा नियम. भंडाऱ्याजवळच्या शहापुरात आमच्या समोरच्या घरी मात्र ती इंदूकाकू खातात.

घरात कोणाचंही औषध आलं की काकू पुडी हातात घेतात आणि म्हणतात, "आधी मी पाहून घेतो." आमच्याकडच्या बायका 'घेते' म्हणत नाहीत, 'घेतो'च म्हणतात. काकांची बीपीची गोळी त्यांनी अशीच पाहून घेतली आणि दुपारभर भिंत धरून चालल्या. मुलाचे डोळ्यांचे थेंब आधी स्वतःच्या डोळ्यात टाकले. एकदा शेळीचं जंताचं औषधही चमचाभर पिऊन पाहिलं. मी काहून म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "शेळी काय सांगणार आहे तुले, कसं लागते ते?"

मी शेळीकडे पाहिलं. आणि मी बी.एस्सी. आहे. हे मी कोणी न विचारताही सांगते, कारण आमच्या घरात चार पिढ्या मागावर बसल्या आणि कॉलेजात बसलेली मी पहिली. त्यामुळे गल्लीतली औषधांची सगळी पत्रकं वाचायला माझ्याकडे येतात. काकू तर मला नावानं हाकच मारत नाहीत. "ओ बीएस्सी, इकडं ये," एवढंच.

काकूंची सून प्रणाली. माहेर एकोडीचं, धानवाल्यांची पोट्टी, हसरी आणि अंगानं भरलेली. यंदा तिची शुगर वाढलेली निघाली. वजनही वाढलं होतं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून आठवड्यातून एकदा पोटात टोचायचं इंजेक्शन लिहून दिलं. ते पेनासारखं असतं, एका पेनात महिन्याचे चार डोस. फ्रीजमध्ये ठेवायचं, दर रविवारी घ्यायचं. कसं टोचायचं ते दवाखान्यात दाखवलं, तेव्हा काकू शेजारीच होत्या आणि टक लावून पाहत होत्या. आमची चूक एवढीच, की त्या काहून पाहत आहेत हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

रविवारी सकाळी प्रणाली धावत माझ्याकडे आली. काकू अंगणात घमेलं पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. ओकारी थांबत नव्हती. आणि पेनातला एक डोस कमी होता.

आता काकूंचं माप सांगायला पाहिजे. काट्यावर उभ्या राहिल्या तर काटाच विचारात पडतो, हलू की नको, अशी काडीसारखी बाई. आणि तिनं वजन उतरवायची सुई घेतली.

मी पत्रक उघडलं. मळमळ होते, ओकारी होते, हे लिहिलेलंच होतं. पोटात जोराची कळ आली तर थांबू नका, डॉक्टर गाठा. गळ्याच्या थायरॉइडचा एक कर्करोग घरात कोणाला असेल तर आधीच सांगा. आणि एकाचं पेन दुसऱ्यानं वापरायचं नाही, सुई बदलली तरी नाही, कारण रक्तातून रोग जातो. हे मी काकूंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "रोग कायचा, घरचीच तर आहे ते."

काकूंना घेऊन आम्ही त्याच डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी पेनाकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, पुन्हा पेनाकडे पाहिलं. मग म्हणाले, बाकीचं फेकून द्या, सुनेसाठी नवीन लिहून देतो. काकूंना सलाईन लावलं आणि सांगितलं, या सुईचा असर आठवडाभर राहील, घोट-घोट पाणी प्या.

गल्लीत बातमी उलटीच पसरली. इंदूबाईकडे बारीक व्हायची सुई आली आहे. दोन बायका लग्न पंधरा दिवसांवर आलं म्हणून एक-एक सुई मागायला आल्या. एक म्हणे, पार्लरवाली विनाचिठ्ठीची देते, चालेल का. मी म्हटलं, पार्लरवालीनं भुवया कराव्या. एक नवी नवरी होती, मूल व्हावं म्हणून वजन उतरवायचं होतं तिला. तिला मी बाजूला नेऊन सांगितलं, बाई, ही सुई चालू असताना दिवस राहू द्यायचे नसतात, डॉक्टरांना विचारून आधी बंद करावी लागते. तुझा बेत त्यांना मोकळेपणानं सांग, सासू सोबत असेल तर तिला बाहेर बसव. डिग्रीचं चीज झाल्यासारखं वाटलं त्या दिवशी.

पण इकडे काकूंनी नवाच घोळ घातला. बऱ्या झाल्या आणि म्हणाल्या, प्रणाली ही सुई घेणार नाही. काहून ते सांगेनात. "मी पाहून घेतली. नाही चालत," एवढंच. मुलगा समजावून थकला. प्रणाली दोन्हीकडून अडकली, नवीन पेन फ्रीजमध्ये आणि शुगर जागच्या जागी.

मला वाटलं, ओकारीला भ्यायल्या असतील. मी सांगितलं, तुमचं वजन आधीच नाही आणि तिला डॉक्टर थोड्यापासून चढवत नेणार आहेत. त्या म्हणाल्या, ओकारीचं काय, बाळंतपणात काय कमी ओकलो. मी थायरॉइडचं काढलं. तिच्या माहेरी कोणाला नाही. मूलबाळाचं काढलं. दोन लेकरं शाळेत जातात, ऑपरेशन झालेलं आहे. पत्रक दोन्ही बाजूंनी संपलं, मी संपले, आणि काकू तांदूळ निवडत राहिल्या.

शेवटी मी चिडले. म्हटलं, काकू, तिचे डोळे गेले शुगरनं तर तुम्ही पाहून घ्याल काय.

हात थांबला त्यांचा. तांदूळ बाजूला सारून बोलल्या.

"आठ दिवस मले भूक नव्हती, बीएस्सी. भात पुढं होता, लाखोरीच्या डाळीचं वरण होतं, अन् हात जात नव्हता. ते सामने बसून जेवत होती अन् मी पाहून राहिली होती. तिची भूकच गेली, तं ते कायले बसन माह्यासंगं जेवाले?"

तेव्हा मला कळलं. काका आणि मुलगा डबा घेऊन भंडाऱ्याच्या दुकानात जातात. प्रणाली येण्याआधी एकवीस वर्षं काकू दुपारी चुलीजवळ उभ्याउभ्याच दोन घास खात होत्या. एकटीसाठी ताट कोण मांडतं. ती आली आणि पहिल्याच दिवशी तिनं दोन पाट समोरासमोर टाकले. तिला एकटीनं जेवायची सवयच नव्हती.

यावर पत्रकात काही नव्हतं. मी तांदळातला एक खडा काढला आणि घरी आले.

पुढच्या रविवारी प्रणालीनं सुई घेतली. काकूंनीच फ्रीजमधून काढून हातात दिली, तोंड दुसरीकडे करून.

आता तीन महिने झाले. प्रणालीची शुगर उतरते आहे, वजनही. परवा दुपारी मी काही मागायला गेले, तर दोघी जेवत होत्या. प्रणालीचं मूठभर भात, वरण आणि अंड्यात भागलं होतं. ती उठली नव्हती. उष्टा हात कोरडा पडला होता.

"हात वाळला तुहा. जाय, धू," काकू म्हणाल्या.

"तुमचं होऊ द्या नं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग गंजात उरलेल्या भाताकडे. आणि स्वतःचं पोट भरलेलं दिसत असताना आणखी एक पळी वाढून घेतली. वजन वाढलं आहे त्यांचं.