चुन्यातले अणू

"चार!" रंगवाल्यांनी टेबलावर अशी मूठ आपटली, की बशीतला चमचा उडाला. "डोळे झाकून चार!"

"डोळे उघडून पाच, बाबा," मनी म्हणाली.

मनी ही त्यांची सातवीतली लेक. वहीत तिने Ca(OH)₂ लिहिलं होतं आणि त्यात एकूण अणू किती, एवढाच प्रश्न होता. आता पोरीने पाच लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळावं आणि बापाने गुपचूप चहा प्यावा, इतकं साधं आयुष्य कुणाच्या घरात असतं? त्यातून रंगवाल्यांचं रंगाचं दुकान. हे चुन्याचं सूत्र आहे असं कळताच त्यांना चेवच आला.

"वीस वर्षं चुना विकतोय मी! Ca एक, O एक, H च्या मागे दोन. झाले की चार!"

"अहो बाबा, कंस आहे ना मध्ये! बाहेरचा दोन आतल्या दोघांनाही लागतो. O दोन, H दोन आणि Ca एक."

"मला कंस शिकवू नकोस. तो नुसता शोभेला असतो."

मनीने पेन्सिल खाली ठेवली. रोज संध्याकाळी हेच. बाबा दुकानातून यायचे, जेवणाच्या टेबलाची खुर्ची तिच्या खोलीत ओढत आणून शेजारी बसायचे आणि तिचं बरोबर आलेलं उत्तर चुकीचं करून उठायचे. पोर अगदी कावली होती.

"आणि चुकलात तर?" तिने विचारलं.

"चुकलो तर वार्षिक परीक्षेपर्यंत तुझ्या अभ्यासाकडे ढुंकूनही बघणार नाही. शब्द दिला!"

मनी आनंदाने एवढ्या जोरात "चालेल!" ओरडली, की स्वयंपाकघरातून आई धावत आली. "मी साक्षीदार," ती म्हणाली. तिलाही खुर्ची परत हवी होती.

इथे थांबायचं ना! पण नाही. रंगवाल्यांनी फोन काढला आणि वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर ठोकून दिलं: 'मी वीस वर्षं चुना विकतोय. चुन्यात अणू चारच! कुणाला शंका?'

शंका? अहो, ग्रुप पेटलाच! एका वकिलाने लिहिलं, बाहेरचा आकडा फक्त शेवटच्या अक्षराला लागू होतो, असाही अर्थ लावता येईल. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सहा मोजले. एका इंजिनिअरने सांगितलं, साडेचार धरा, कमी पडायला नकोत. शेवटी कुणीतरी मतदान लावलं आणि चार प्रचंड बहुमताने निवडून आले. घरोघरी खोडरबर निघाले. पोरांनी बरोबर लिहिलेले पाच आईबापांनी समोर बसून खोडायला लावले.

"बघ, जनता माझ्या बाजूने आहे!" रंगवाले बसल्या जागी उड्या मारत होते.

"अणू काय मतं देऊन ठरतात?" मनी रडकुंडीला आली.

तेवढ्यात आई किंचाळली, "अगं, बाई लिहितायत! विज्ञानाच्या बाई!"

तिघांची डोकी फोनवर आदळली. बाईंचं लिहिणं थांबलं. परत सुरू झालं. परत थांबलं. मनीने आईचा हात गच्च धरला. आणि आलं एकदाचं उत्तर: 'पाच. कंसाबाहेरचा दोन आतल्या दोघांनाही लागतो.'

"पाच! पाच! पाच!" मनी पलंगावर चढून नाचायला लागली. रंगवाले उठून उभे राहिले होते, तेवढ्यात आईने खुर्ची पळवलीसुद्धा.

ग्रुपवर एकच पळापळ झाली. वकिलाने आपला संदेश पुसला, डॉक्टरीणबाईंचे सहा गेले, इंजिनिअरचे साडेचार गेले, मतदानही गायब झालं. रंगवालेही घामाघूम होऊन बटणं दाबत सुटले. "गेला! काढला मी!"

"कुठे काढलात?" आईही ग्रुपवर होतीच. तिने आपला फोन त्यांच्या नाकासमोर धरला. "हा काय, ठणठणीत आहे!"

घाईघाईत त्यांनी तो फक्त स्वतःच्या फोनवरून काढला होता. आता सगळ्यांच्या फोनवरून काढायचा, तर आधी त्यांना तो दिसायला हवा ना! बाकी सगळा ग्रुप धुऊन स्वच्छ आणि मधोमध एकटे रंगवाले, उद्गारचिन्हासकट.

"आता उद्या कुठल्या तोंडाने दुकान उघडू?" ते मटकन पलंगावर बसले. मनीला बापाची दया आली. खरंच आली, पण दिलेला शब्द सोडून देण्याइतकी नाही.

फोन पुन्हा वाजला. पुन्हा बाईच. आईने मोठ्याने वाचलं: 'सगळ्यांनी आपापल्या चुका पुसल्या. एका पालकांनी मात्र आपली चूक सर्वांसमोर तशीच राहू दिली. याला धैर्य लागतं. उद्या त्यांनी वर्गात येऊन मुलांना चुन्याचं सूत्र समजावून सांगावं, अशी विनंती.'

रंगवाले ताडकन उठले. "धैर्य! ऐकलंत का दोघींनी? धैर्य!"

"बाबा, नाही हं! तुम्ही शब्द दिलाय!"

"दिलाय ना. तुझ्या अभ्यासाकडे ढुंकूनही बघणार नाही. पण बाकीच्या वर्गाचं मी कुठे काय बोललोय?"

मनी पलंगावरून खाली उतरली. उद्या सगळ्या मैत्रिणींसमोर आपला बाप फळ्यापाशी उभा राहून कंस शोभेचा असतो म्हणून सांगणार! तिने वहीचं कोरं पान काढलं आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली.

"बसा इथे," ती म्हणाली. "आणि बरोबर येईपर्यंत उठायचं नाही."