बिनचालकाच्या मोटारीने कोथरूडचा चौक सर केला त्याची हकीकत

आज्ञा जाहली जे, बिनचालकाची मोटार कोथरूडचा चौक कैशी पार करोन गेली, ते काही न लपविता लिहोन देणे. त्यास आम्ही चौकासमोरील सोसायटीचे चेअरमन, गॅलरीत खुर्ची टाकोन सर्व समक्ष पाहिले, सबब लिहितो. ज्यास खोटे वाटेल त्याने आपली गॅलरी घ्यावी.

मंगळवारी सकाळी चैतालीबाई, राहणार विश्रांतवाडी, संगणकविद्येत मातबर, आपली पांढरी मोटार घेवोन दाखल जाहल्या आणि स्वतः डावे बाजूस बैसल्या, उजवीकडे कोणीच नव्हते. बाई ज्यांच्या चाकरीत, त्या मोटार बनविणाऱ्या कंपनी सरकारची शर्त ऐसी की, आतील माणसाने स्टिअरिंगास वा ब्रेकास हात न लाविता बारा वाजावयाचे आत चौक पार व्हावा, न जाहल्यास पुण्याची मोहीम बरखास्त करोन बाईंची तीन वर्षांची मेहनत बासनात गुंडाळावी. सामान्य रयतेतील एक उतारूही हवा होता, म्हणोन बाईंनी आपल्या मातोश्री प्रेमलाबाईंस मागे बसविले. मातोश्रींनी सरकारी कचेरीत बत्तीस वर्षे खिडकीवर बैसोन भल्याभल्यांस रांगेत उभे केलेले.

मग अकरा वाजता कूच जाहले आणि दहा पावलांवर थांबले. कारण मोटारीस शिकविले होते की, माणसाने पंजा दाखविला की थांबावे. आणि पुण्याची रयत पंजा दाखवोनच रस्ता ओलांडते, गाडीकडे पाहणे कमीपणाचे समजते. एरवी चालक शिव्या देतो आणि चालणारा थोडा बिचकतो, ऐसा उभयपक्षी तह आहे. येथे शिव्या देणाराच नाही हे ध्यानी येताच रयतेची भीड चेपली आणि क्लासची पोरे, पिशवीवाल्या बाया, झाडून सारे पंजे उगारोन निघाले. एक गृहस्थ तर पलीकडे काही काम नसता दोनदा जावोन आले.

मग गर्दी जरा हटली, तो कोपऱ्यावर पेन्शनर बापूराव आपल्या मित्रास पाणीकपातीचा विषय हातवारे करोन समजावीत उभे. मोटार प्रत्येक हातवाऱ्यास मान देवोन जागीच राहिली आणि मागे हॉर्नांचा कल्लोळ उठला. चैतालीबाईंनी काच खाली करोन विनविले, "काका, जरा हात खाली घेता का? माझं सगळं काम बंद पडेल हो."

बापूराव म्हणाले, "हात आमचे आहेत. गाडीला समजत नसेल तर तिला घरी ठेवा."

बारास पाच मिनिटे उरली आणि बाईंचे डोळे भरोन आले. आम्हांसही, खोटे का बोला, फार वाईट वाटले. परंतु लिफ्ट बंद होती, सबब खाली उतरलो नाही.

मग मातोश्रींनी काच उतरवोन कोपरापर्यंत हात बाहेर काढिला आणि कचेरीतल्या आवाजात फर्माविले, "गर्दी करू नका. सगळ्यांनी मागे व्हा. अहो आजोबा, तुमचा नंबर आलाय का?"

ऐकताच रयत सवयीने फुटपाथावर रांग लावोन उभी राहिली, बापूराव खिशात टोकन चाचपू लागले आणि दोन्ही हात खिशातच अडकले. मातोश्रींचा हात मागील खिडकीतला, तो मोटारीच्या नजरेस आला नाही. पुढे एकही पंजा उरला नाही, तेव्हा मोटार सावकाश चालोन अकरा वाजोन अठ्ठावन्न मिनिटांनी चौक पार जाहली. चैतालीबाई तोंडावर ओढणी धरोन रडल्या. मातोश्रींनी काच वर घेतली.

तिसरे दिवशी कंपनी सरकारचा खलिता आला जे, आतील कोणी स्टिअरिंगास वा ब्रेकास हात लाविला नाही, सबब मोहीम फत्ते, चैतालीबाईंचे काम कायम. पुढे पुण्यात प्रत्येक बिनचालकाच्या मोटारीत एक निवृत्त कारकूनबाई नेमावी, वेळ दहा ते पाच, आणि बाई जेवावयास गेल्या असता मोटारीने कडेस उभे राहोन वाट पाहावी.