ललिताच्या इंटरव्ह्यूतला अनोळखी माणूस

इंटरव्ह्यू कसा द्यावा हे सांगणारे पुष्कळ भेटतील. कसा देऊ नये हे विचारायचं असेल, तर मात्र शिरूर तालुक्यात माझ्याशिवाय माणूस नाही! मी एस्टीत नापास झालो, बँकेत नापास झालो, रेल्वेत तर साहेबांनी नाव विचारलं तिथंच नापास झालो. तोंडातून 'साहेबराव' हे नावच बाहेर येईना! तुम्ही म्हणाल, भित्रा दिसतोय. आहेच! पण त्यामुळे इंटरव्ह्यूत होणारी एकूण एक चूक मी जातीनं करून पाहिली आहे. एवढा अनुभव पास झालेल्या माणसाकडे कुठून असणार?

म्हणून एकाहत्तर साली माझ्या बायकोला, ललिताला, दौंडहून इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं, तेव्हा मी बाह्या सारल्या आणि म्हणालो, "तू काळजी सोड. तुला मी तयार करतो!"

एका संस्थेला गावोगाव फिरून कुटुंब नियोजनाचा प्रचार करायला बाई हवी होती. ललिता सातवी पास, बोलायला खणखणीत. आणि आमच्यापैकी कुणाला तरी नोकरी लागणं आता भागच होतं. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, कवठ्याहून निरोप धाडला होता, "दिवाळीपातुर कुणाच्या तरी हाताला काम लागलं तर ऱ्हावा शिरूरला. न्हाईतर खोली सोडा आन् मेंढरांमागं चला."

मेंढरांचं मला काही नाही हो; दिवाळीनंतर आबांचा कळप चरायला कोकणात उतरायचा, एवढंच. पण त्या कळपात एक एडका होता! त्याच्या आजानं मला लहानपणी धडक मारून घायपातात उडवलं होतं, आणि हा नातू माझ्याकडे पाहायचा तेव्हा त्याला घरातून सगळं सांगून ठेवलंय असं वाटायचं. त्याच्या मागून कोकणापर्यंत चालत जायचं म्हणजे माझा निकालच होता.

"हे बघ," मी ललिताला म्हणालो, "साहेबांनी सांगितल्याशिवाय खुर्चीवर बसायचं नाही. चहा दिला तर नको म्हणायचं. डोळ्यांनी इशारे करायचे नाहीत, फार वाईट दिसतं. आणि मुख्य म्हणजे घरचं काही काढायचं नाही! मी एकदा घरचं सांगायला गेलो, तर साहेबांनी डोळे पुसले आणि नोकरी दुसऱ्याला दिली. एकदा का आत गेलीस की तुला सासर नाही, माहेर नाही, नवरा नाही!"

"म्हंजी तुमी बी न्हाई?"

"मी तर मुळीच नाही!"

"बरं," ललिता म्हणाली. हे 'बरं' मला पुढे किती महागात पडणार होतं!

आम्ही न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एस्टीनं दौंडला पोचलो. संस्थेच्या फाटकातून आत पाऊल टाकलं आणि मी जागीच थांबलो. एका बाजूला ऑफिसची बैठी इमारत. दुसऱ्या बाजूला भला मोठा तंबू, त्यावर लाल त्रिकोण. पुरुषांच्या ऑपरेशनचं शिबिर! एक जण तंबूतून बाहेर येत होता, पाय फाकवून, खाली मांजर झोपलेलं असावं तसा जपून. मला सुईचं नाव काढलं तरी घाम फुटतो. मी डोळे मिटून घेतले.

"तुमी का घाबरताय? इंटरव्ह्यू माझा हाय," असं म्हणून ललिता आत गेलीसुद्धा.

मला बाहेर बसवेना. एकीकडे तो तंबू, दुसरीकडे डोळ्यांसमोर एडका! आत काय चाललंय ते कळलं पाहिजे म्हणून मी इमारतीच्या मागे गेलो, एक पत्र्याची बादली पालथी घातली, तिच्यावर चढलो आणि खिडकीतून डोकावलो.

अरे देवा! ललितानं आपणहून खुर्ची ओढून घेतली होती. समोर बबनराव नावाचे जाडजूड साहेब, शेजारी शिबिराचे डॉक्टर. चहा आला. ललितानं तो बशीत ओतला आणि फुर्र करून प्यायला! आमची खोली गेली, आता चला कोकणात! मी खिडकीतून हात हलवले, मान हलवली, बशी खाली ठेव म्हणून खुणा केल्या. ललितानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि उरलेला चहाही ओतून घेतला.

इतक्यात मागून कुणीतरी माझी मानगूट धरली.

"पळतोस व्हय रं?" शिबिराचा शिपाई हौशीराम होता, पैलवानासारखा. "रोज एखादा तंबूतनं निसटतो आन् हितंच लपतो! चल, डाक्टर आतच बसल्यात!"

"अहो, मी तसला नाही! मी साहेबराव..."

"गप! सायेब आत हायेत!"

मी बोंबलायच्या आत त्यानं मला उचलून थेट इंटरव्ह्यूच्या खोलीत उभं केलं. "सायेब, ह्यो घाबरून मागं लपला व्हता."

बबनरावांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं. मी दाराकडे सरकत होतो. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"वा! बाई, हीच तुमची परीक्षा. गावात असेच घाबरलेले पुरुष भेटतील. याला समजावून दाखवा. आधी सांगा, तुमच्या ओळखीचा तर नाही ना? नाहीतर मजा नाही."

मी ललिताकडे पाहिलं. सांग बाई, हा माझा नवरा आहे म्हणून सांग! तिनं मला नीट निरखलं.

"न्हाई बा," ती म्हणाली. "कोण हायेत हे?"

आता मीच ओरडून सांगावं, तर साहेब म्हणणार, बाई खोटं बोलली, आणि नोकरी गेली. न सांगावं, तर तंबू! ललितानं खुर्ची माझ्याकडे वळवली.

"दादा," ती म्हणाली. मला! दादा! "तुमी लई भित्रं दिसताय. सुई बघितली की तुमाला घाम फुटत आसंल. एडक्याला बी भीत आसाल."

"अगदी बरोबर!" डॉक्टर पुटपुटले. "माणूस पाहताक्षणी ओळखला!"

"पर ह्यात भ्यायासारखं काय बी न्हाई. बायको बाळंतपणाला जाती तवा तिला भ्या वाटत न्हाई व्हय? पर ती जातीच न्हवं? तुमी तिला कदी इचारलंय, तुला काय वाटतं म्हणून? इचारत नसाल. वर तिलाच शिकवत बसत आसाल, आसं बस, तसं बोल!"

हे काही इंटरव्ह्यूचं बोलणं नव्हतं. तिचा आवाज जरा ओला झाला होता, आणि मला खरंच लाज वाटली. आठ दिवस मी तिला धडे देत होतो. तुला भीती वाटते का, असं एकदाही विचारलं नव्हतं.

"तुमी व्हय म्हणलात," ती हळूच म्हणाली, "तर एका बाईचं भलं हुईल बगा."

खोलीत सगळे माझ्याकडे पाहत होते. मी घाम पुसला.

"व्हय," मी म्हणालो.

बबनरावांनी टेबलावर थाप मारली. "झाली निवड! उद्यापासून या, बाई!" आणि हौशीरामनं माझा दंड धरला, "चल!"

तंबूत स्पिरिटचा वास होता. ताटलीत काहीतरी चकाकत होतं, ते मी पाहिलं नाही. मी आबांना आठवलं, बिरोबाला आठवलं, शेवटी त्या एडक्यालासुद्धा आठवलं. त्याची धडक आता मायेची वाटायला लागली होती!

"मुलं किती?" डॉक्टरांनी हात धुता धुता विचारलं.

"ए... एकही नाही."

"मग आलास कशाला, गाढवा? दोन झाल्यावर ये! हौशीराम, घालव याला बाहेर!"

म्हणजे तिथंही मी नापास! पण नापास झाल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. मी धावतच फाटकाबाहेर आलो. ललिता शांतपणे शेंगा खात उभी होती.

"मला ओळखत नाहीस?" मी ओरडलो.

"तुमीच म्हणला व्हता, घरचं काडायचं न्हाई."

"आणि त्यांनी मला कापलं असतं तर?"

"पोरं नसलेल्याला घेत न्हाईत. त्ये डाक्टरांनी मला मघाच सांगितलं व्हतं."

"मग मला निदान डोळ्यांनी तरी सांगायचं!"

"डोळ्यांनी इशारं करायचं न्हाईत, तुमीच म्हणला व्हता." तिनं माझ्या हातावर शेंगा ठेवल्या. "चला, एस्टी चुकंल."

शिरूरची खोली राहिली. ललिता कवठे, केंदूर, कुठं कुठं फिरून प्रचार करू लागली आणि मी घरात भाकरी थापायला शिकलो. यथावकाश आम्हाला मुलगा झाला, मग मुलगी झाली. बारसं झालं, पाहुणे गेले, आणि एका सकाळी ललितानं चहाचा कप माझ्यापुढे ठेवला. आवाज ऑफिसातला!

"उद्या दौंडला शिबिर हाय. चला."

"मी कशाला?"

"सायबांपुढं व्हय म्हणला व्हता न्हवं?"

तोच तंबू, तोच वास, तोच हौशीराम. डॉक्टरांनी हात धुता धुता विचारलं, "मुलं किती?"

"दोन," मी डोळे मिटून म्हणालो.

"छान. झोपा इथं."

एवढे इंटरव्ह्यू दिले, त्यात पास झालेला माझा हा एवढाच!