स्लॅबखाली दिनकरराव

दिनकरराव कुणाच्याही घरी गेले की चपला काढण्याआधी वर बघत. यजमान हात जोडून उभा, आणि हे छताकडे बघून विचारणार, "सही कुणाची?" साताऱ्यातल्या एका लग्नात त्यांनी गॅलरीखाली बसलेली अख्खी पंगत भरल्या पानांवरून उठवली. वरपक्ष त्यांच्याशी अजून बोलत नाही.

ते आमचे शेजारी. घरांच्या नकाशांवर सही करायचा नगरपालिकेचा परवाना असलेले इंजिनिअर. एका जागी बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. चहासुद्धा फेऱ्या मारत प्यायचे, आणि जाता येता भिंतीवर टकटक करायचे, डॉक्टर छातीवर करतो तशी.

त्र्याहत्तर साली आम्ही माडीवर खोली काढली. आमचे हे पलटणीतून मे महिन्यात कायमचे घरी यायचे होते, म्हणून मला घाई. म्हसवडच्या गणपा मिस्त्रीला माझ्याहून जास्त. त्यानं लोणंदला दुसरं काम धरलं होतं आणि तिथं लावायला त्याला आमच्या स्लॅबखालचे टेकू हवे होते.

"आवं सायेब, स्लॅब दगडावानी झालाय. मारा की सही! तुमचं काय जातंय?"

"माझा परवाना जातो. तुझं काय जातं ते सांग."

"माजा हात हाय! हाताला कुटं परवाना लागतो व्हय?"

"म्हणूनच म्हणतो. स्लॅब आला खाली, तर तू लोणंदला. वहिनींनी धरायचं कुणाला? माझी पाटी मात्र फाटकावर आहे. अजून आठवडाभर पाणी मारा."

म्हणणं पटलं, पण पाण्याच्या बादल्या मला चढवाव्या लागत होत्या. मी मनात दोघांनाही शिव्या घातल्या.

आठवड्यानं टेकू निघाले. शेवटचा उरला तेव्हा दिनकररावांनी सगळ्यांना जिन्यावर घालवलं. त्या टेकूला दोर बांधून गणपा दारातून ओढणार होता. दिनकरराव एकटे स्लॅबखाली. टोपी काढून खिशात ठेवली.

"टोपी का काढली?" मी विचारलं.

"नवी आहे."

"आणि डोकं?"

"सही माझी. डोकं दुसऱ्याचं कशाला?"

मग माझ्या लक्षात आलं, ते मधोमध उभे नव्हते. जरा डावीकडे सरकून, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून उभे होते.

"मध्ये उभे राहा की."

"सवय आहे. उजवीकडे ही असायची. माझ्या प्रत्येक स्लॅबखाली आली. डबा घेऊन."

त्यांची बायको जाऊन दोन वर्षं झाली होती.

मी पदर खोचला आणि आत जाऊन त्या जागेवर उभी राहिले.

"वहिनी, बाहेर व्हा! हे नियमात नाही!"

"खोली माझी आहे. गणपा, ओढ."

गणपानं देवाचं नाव घेतलं आणि दोर ओढला. टेकू धाडकन पडला. स्लॅब जागचा हलला नाही. धूळ खाली बसली तशी मी निघाले.

"थांबा, वहिनी," ते म्हणाले. "जरा वेळ उभं राहायचं असतं."

खरंच तसं असतं का, हे मी विचारलं नाही. थांबले.