रायाजी भोगले यांच्या रागाची बखर

श्री. जो धनी दिसत नाहीं परंतु ज्याचें कडें सर्वांवर उतरतें, त्यास दंडवत. शके चोवीसशें सतरा, विद्युन्नाम संवत्सरीं, जाणत्या मंडळीनें आज्ञा केली कीं, टिटवी विमानाचा मजकूर साद्यंत लिहिणें. त्यावरून आठवलें तैसें लिहिलें.

आमचें राज्य खेळांतलें. धनी आकाशापलीकडे बसोन तें खेळवीत, आणि ज्यास बोलावणें त्यास हिरव्या प्रकाशाच्या कड्यानें टोचीत, आणि टोचलें कीं ठरला बोल बोललाच पाहिजे, ऐसी रीत. पहिल्या टोचणीस "जी सरकार", दुसरीस "निघालों सरकार". आणि धनी उगाच टोचीत राहिले तर सातव्या टोचणीस रागावण्याची मुभा, ती जुन्या मंडळीसच होती. त्यांत टिटवीचे सारथी रायाजी भोगले यांचा राग थोर. टिटवी म्हणजे चार तोफांचें लढाऊ विमान, पोट मोठें, चाल मंद, आणि उडतांना टिवटिव करी म्हणोन नांव पडलें. लोक हंसत. हंसोत बापडे! तांबड्या खिंडीच्या लढाईंत शत्रूचे चालते लोखंडी बुरूज चाळीस आले आणि आमची फौज पाठ दाखवूं लागली, तेव्हां हीच टिटवी खिंडीवर तीन प्रहर एके जागीं तरंगत राहिली, आणि तोफा लाल जाहल्या, आणि तोफची सटवाजी मोकल यांचे हात पोळले, मग शत्रू हटला. काय ते दिवस! धनी तेव्हां नवखे, लढाई जिंकली कीं आनंदें रायाजींस टोच टोच टोचीत, आणि सातव्यास रायाजी गरजत, "अहो सरकार, टोचतां किती? मी काय गळूं आहें?" आणि आकाशांतून हंसण्याचा गडगडाट होई, आणि सारी छावणी पोट धरून हंसे.

पुढें आकाशांतून नवा कायदा उतरला कीं, जुनीं विमानें मोडून नवीं करावीं. ससाणा नांवाचीं विमानें आलीं, चपळ, चकचकीत. परंतु त्यांचे सारथी कितीही टोचा, "जी" इतकेंच बोलत. मेले मुके! आणि टिटव्या एकेक मोडीत निघाल्या, आणि त्यांच्या लोखंडाचे ससाणे जाहले. अकरा गेल्या. बारावी रायाजींची. त्यांस अन्न गोड लागेना. विमानाच्या पोटावर हात फिरवून म्हणत, "सटवाजी, माझें कांहींही होवो, हिला मोडूं नये रे."

मग एके दिवशीं भर दोन प्रहरीं टिटवीवर कडें उतरलें, तें तांबडें. तांबडें म्हणजे मोडीचा हुकूम. पहिल्या टोचणीस सारथ्यानें "जी सरकार" म्हणावें, दुसरीस विमान नाहींसें व्हावें, ऐसा दंडक. पहिली टोचणी बसली. सारी छावणी माना खालीं घालोन उभी. रायाजींच्या ओठांशीं "जी" आलाच होता, तों सटवाजी कानाशीं लागले, "रायाजीराव, रागावा!"

"अरे, ही पहिलीच टोचणी. सातवी कोठें?"

"मोजतां कसले! रागावा म्हणतों ना!"

रायाजींनीं उभ्या जन्मांत हुकूम मोडला नव्हता. डोळे भरले, आणि राग तर कोठेंच सांपडेना, तरी रडत रडतच बोलले, "अहो सरकार... टोचतां किती? मी काय गळूं आहें?"

ससाण्यांचे सारथी एकमेकांकडे पाहूं लागले. दुसरी टोचणी येईना. बहुत वेळानें कडें थरथरलें, हिरवें जाहलें, आणि मग टोचूं लागलें, दोन, तीन, चार, आणि सातव्यास रायाजी ऐसे कडाडले कीं ससाण्यांचे पंख हालले, आणि वरून तोच जुना गडगडाट आला. सटवाजी तर नाचले.

टिटवी वांचली. तिला लढाई नाहीं, छावणीच्या दाराशीं जागा दिली, आणि रोज सकाळीं कडें उतरोन सात वेळां टोची. ऐसीं कैक वर्षें गेलीं. पुढें धनी मोठे जाहले, कामांत गुंतले असतील. कडें येईनासें जाहलें. आम्हांसही त्याची फार आठवण येते, खोटें कां बोलावें?

तात्पर्य इतकेंच. टिटवी आहे, सटवाजी आहेत, ससाणे किती जाहले तें आतां कोणी मोजीत नाहीं. आणि रायाजी रोज सकाळीं आसनावर बसोन, घसा खाकरून, रागावण्यास तयार असतात. लेखन समाप्त.