जनाक्काच्या घरची बैठक

एका जंगलात एक म्हातारी हत्तीण होती आणि तिच्या डोक्यात एक गाव होतं. हसू नका मुलांनो, तुमच्याही डोक्यात आहे. दिसत नाही, एवढंच.

त्या गावातल्या घरांना पेशी म्हणत. एका पेशीत जनाक्का राहायची. गावानं तिच्यावर एकच काम सोपवलं होतं. दुष्काळ पडला की पाण्याकडे जी वाट जाते, ती लक्षात ठेवायची. सगळ्या कळपाचा जीव त्या एका वाटेवर होता.

जनाक्काच्या हाताखाली राबणाऱ्या माणसांना प्रथिनं म्हणत. ही माणसं जन्मत तेव्हा नुसती लांबलचक, सुंभासारखी. जन्मल्याबरोबर ती स्वतःभोवती वळसे घेत. नीट पीळ बसला की कामाला लागत. झिजली की जनाक्का कात्री घेऊन त्यांचे तुकडे करी आणि त्याच धाग्यांतून नवी माणसं वळी. यात कुणाला वाईट वाटत नसे. रीतच तशी होती.

एके दिवशी दारात एक गृहस्थ आले. अंगात पीळ म्हणून नाही. जाजमासारखे सपाट.

"जनाक्का, आहात का घरात? मी अण्णासाहेब. पलीकडच्या आळीतला. तुमच्यातलाच."

"या की. बसा."

आता 'बसा' म्हणायला कुणाचं काय जातं? पण अण्णासाहेब जे बसले, ते बसलेच.

इतक्यात सोपान लगबगीनं आत आला. हा जनाक्काचा सगळ्यात कामसू माणूस.

"कुठं निघालात एवढ्या घाईनं, सोपानराव?"

"पाण्याची वाट झाडायचीय. रोज झाडली नाही तर बुजते."

"अहो, त्याच विषयावर तर बैठक आहे! टेका जरा."

"मला बसता येत नाही अण्णासाहेब. पीळ आडवा येतो."

"मग सैल सोडा की. मोठी माणसं सैलच असतात."

असं म्हणून त्यांनी सोपानच्या खांद्यावर हात ठेवला. एक वळसा सुटला. मग दुसरा. बघता बघता सोपान सपाट होऊन त्यांच्या शेजारी चिकटला. तिसरा माणूस आला, तेव्हा 'टेका जरा' हे सोपाननंच म्हटलं.

संध्याकाळपर्यंत भिंतीपासून भिंतीपर्यंत रांग लागली. एकाला एक खेटून सगळे बसलेले. वाट झाडायला कुणी उरलं नाही. वाट कशी वाचवावी, यावर मात्र फार चांगलं बोलणं चाललं होतं.

जनाक्कानं कात्री काढली. "उठा मुकाट्यानं, नाहीतर कापते."

कात्री चालवली. कात्रीचीच धार गेली.

"बाई," अण्णासाहेब शांतपणे म्हणाले, "कामकाजात अडथळा आणू नका."

जनाक्कानं गावच्या पांढऱ्या शिपायाला बोलावलं. शिपाई मोठा कडक. परका दिसला की विचारपूस न करता गिळायचा. त्यानं अण्णासाहेबांना हुंगलं, चाचपलं आणि मान हलवली.

"सुंभ आपलाच आहे."

"अहो शिपाईदादा, सुंभाचं काय घेऊन बसलात? पीळ बघा, पीळ! पीळच नाही!"

"आम्हाला सुंभ तपासायला सांगितलंय. पिळाचं आमच्याकडे येत नाही. आणि आपल्याच माणसाला उठवायचं म्हणजे... बरं दिसत नाही, आक्का."

जाताना त्यानं अण्णासाहेबांना सलाम ठोकला.

नवं माणूस वळावं, तर तेही जाऊन बसे. घर फुगलं. भिंतींना तडे गेले. जनाक्का स्वतःच्याच उंबऱ्यावर चेंगरली. तरी ती पुटपुटत राहिली, "दोन टेकड्यांच्या मधून. वठलेल्या अर्जुनापाशी डावीकडे. अर्जुनापाशी डावीकडे. अर्जुनापाशी..."

आणि भिंत कोसळली.

बैठकीनं उभं न राहता दोन मिनिटं शांतता पाळली. पडझडीत रांगेचे दोन तुकडे झाले होते. त्यामुळे आता बैठका दोन झाल्या. एक निघाली डावीकडच्या घरी, एक उजवीकडच्या.

"आहात का घरात? आम्ही तुमच्यातलेच."

"या की," दोन्ही घरांतून आवाज आला. "बसा."

त्या उन्हाळ्यात जंगलातले सगळे झरे आटले. हत्तीण कळपाला घेऊन निघाली. दोन टेकड्यांच्या मधून गेली. वठलेल्या अर्जुनापाशी येऊन थांबली.

"थोरल्या बाई," मागची हत्तीण म्हणाली, "डावीकडे की उजवीकडे? पिल्लांच्या जिभा बाहेर आल्यात."

म्हातारीनं डोळे मिटले. खूप आठवून पाहिलं. डोक्यात नुसती गुणगुण चालली होती, अनुमोदनाची.

"एवढी घाई कशाला?" ती म्हणाली. "टेका जरा."

मागच्या हत्तिणीला डावीकडून ओल्या मातीचा वास येत होता. पण थोरल्या बाई बसल्यावर आपण कसं चालू लागायचं?

ती बसली. तिच्यामागे सगळा कळप बसला.

तात्पर्य : परक्याला दारातच अडवावं, आपल्या माणसाला मात्र कधीही उठवू नये. त्यानं फार तर सगळ्यांचा जीव जातो, पण कुणाशी वाईटपणा येत नाही.